रोज एक प्रकरण, जेवणानंतर

कुसुमवहिनींना शिंक आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुकुमार चौगुल्यांच्या दारात सरकारी गाडी येऊन उभी राहिली.

शिंक कादंबरीतली होती. गाडी खरी होती. तिच्यातून औषध निरीक्षक तांबोळी उतरले, चपला बाहेर काढून आत आले, सुकुमारची बायको पद्मजा हिनं दिलेलं पाणी प्यायले आणि ठरत आलेल्या स्थळाला नकार कळवायला आल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "चौगुलेसाहेब, कालच्या मालात भेसळ निघाली."

"भेसळ कसली? एक शिंक होती."

"एकच होती, पण अवचित होती. बार्शीत एका आजोबांचं बीपी एकदम चढलं. अहो, आधी नाक हुळहुळू द्यायचं. मग पदर नाकाशी न्यायचा. मग येतीय का नाही असं जरा घोळवायचं. दोन-तीन पानं तरी."

"एका शिंकेला?"

"पूर्वी तुम्ही द्यायचात की," तांबोळी म्हणाले. "आणि शेवटी ती यायचीच नाही. लोकांना तसं मानवतं."

सुकुमारच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. तांबोळींनी तो बघितला आणि हात जोडले. "शांत व्हा. तुमची नाडी चढली तर आजचं प्रकरणही बाद धरावं लागेल. मी तुमचा जुना वाचक आहे हो, पण नियम म्हणजे नियम."

सुकुमार या खड्ड्यात पडला कसा ते आधी सांगायला पाहिजे, कारण खड्डा त्यानं स्वतःच खणला होता आणि वर रांगोळीही काढली होती.

तरुणपणी त्यानं तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीला राज्याचा पुरस्कार मिळाला, दुसरीला जिल्ह्याचा, आणि तिसरीला कॉलनीच्या गणेश मंडळानं नारळ दिला. चौथीला काय मिळेल याचा अंदाज घेऊन तो थांबला. मग त्याला शाळासोबती बाहुबली मगदूम भेटला. मगदूमचं सांगलीत बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं. त्यानं जन्मात एक कादंबरी वाचली नव्हती, त्यामुळं कादंबऱ्या विकायला त्याला कसलाच संकोच नव्हता. दोघांनी मिळून 'कथापेटी' नावाचं ॲप काढलं. लोकांनी फोनवर कादंबऱ्या ऐकायच्या आणि ऐकतील तितक्या मिनिटांवर लेखकाचं मानधन ठरायचं.

मिनिटांवर म्हटल्यावर सुकुमारची लेखणी आपोआप पसरली. 'कुसुमवहिनींची गच्ची' ही त्याची रोजची कादंबरी. वहिनी गच्चीवर कुरडया घालतात, बस्स. दूध तापायला ठेवलं की उतू जायला चार प्रकरणं लागायची, आणि पाचव्यात कळायचं की गॅस पेटवलेलाच नव्हता. जावेचं पत्र येणार म्हणून गणपतीपासून चाललं होतं. ते दिवाळीला आलं आणि निवांत वाचू म्हणून वहिनींनी डब्याखाली सारलं. सुकुमारला लाज वाटायची. पुस्तकवाल्या मित्रांसमोर तो ही कादंबरी आपली आहे हे कबूल करायचा नाही, ॲपवरच्या एका गरजू लेखकाची आहे म्हणायचा. एका अर्थी ते खरंच होतं.

मग मिरजेच्या एका हॉस्पिटलातल्या डॉक्टर उत्पला गोगटे यांच्या लक्षात एक गंमत आली. त्यांच्या सगळ्या पेशंटांच्या मनगटाला नाडी आणि रक्तदाब मोजणारे पट्टे होते. त्यातल्या काही जणांचा दाब रोज दुपारी दोनच्या सुमाराला अलगद खाली यायचा आणि रात्रीपर्यंत तसाच राहायचा. डॉक्टरांनी आधी जेवणावर संशय घेतला, मग झोपेवर, मग गोळ्यांवर. शेवटी कळलं की ही सगळी मंडळी दुपारी कानात कुसुमवहिनी लावून पडतात.

यात चमत्कार काही नव्हता. माणूस मिनिटाला बारा-पंधरा श्वास घेतो. तो सहावर आणला की छातीतल्या आणि मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारी जी टोकं असतात, त्यांचं आणि हृदयाचं छान जमतं. हृदय सावकाश होतं, वाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. योगासनांच्या वर्गात हेच शिकवतात, फक्त तिथं स्वतः कष्ट घ्यावे लागतात. गोष्ट ऐकणारा माणूस वाक्य पुरं व्हायची वाट बघताना नकळत श्वास धरतो आणि वाक्य टेकलं की सोडतो. चौगुल्यांचं वाक्य दहा सेकंदांनी टेकायचं. दर वेळी. डॉक्टरांनी रीतसर चाचणी घेतली. एका गटाला कुसुमवहिनी, एकाला नुसती शांतता आणि एकाला इतर लेखकांच्या कादंबऱ्या. तिसऱ्या गटातले तिघं चाचणी सोडून पळून गेले.

तिथून पुढं दोन वर्षांत सगळं झालं. सरकारनं 'श्राव्य औषध' नावाचा नवा वर्ग काढला आणि पहिल्या नंबरवर कुसुमवहिनींना बसवलं. डॉक्टर चिठ्ठीवर लिहायला लागले: कुसुम, रोज एक प्रकरण, दुपारी जेवणानंतर. मेडिकलवाले दहा-दहा प्रकरणांचं पाकीट विकू लागले. ऐकल्यावर वाहन चालवू नये अशी सूचना आली. इस्लामपूरच्या एका नवरदेवानं धास्तीपोटी सकाळपासून लागोपाठ प्रकरणं ऐकली आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा तो उभ्या उभ्या घोरत होता. साहित्य संमेलनाचं निमंत्रण आलं. सुकुमार नवा शर्ट घालून गेला, तर त्याची खुर्ची आरोग्य दालनात मांडलेली, एका बाजूला मोफत साखर तपासणी आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्याचं तेल.

औषध म्हटलं की कारखाना आला. कारखाना म्हणजे सुकुमार. घराच्या दारावर पाटी लागली: उत्पादन केंद्र, मोठ्याने बोलू नये. त्याच्या मनगटाला पट्टा बांधला गेला, कारण कारखान्याचं तापमान बघावं लागतं. तो काय खातो, कुणाशी बोलतो, बातम्या बघतो का, सगळं तपासलं जायचं. रोजचं प्रकरण लयमापक नावाच्या यंत्रात जायचं. यंत्र वाक्यावाक्याचा श्वास मोजायचं आणि हिरवा दिवा लावायचं. मग ते सुकुमारच्याच साठवलेल्या आवाजात लाखो कानांत जायचं.

पद्मजाला सरकारी प्रशिक्षण मिळालं होतं. पूर्वी ही दोघं भांडायची तेव्हा शेजारी टीव्ही बंद करून ऐकायचे. आता ती दारात उभी राहून मऊ आवाजात म्हणायची, "तुम्ही पुन्हा गॅलरीचं दार उघडं टाकलंत. मला फार राग आलाय असं समजा."

"समजलो," सुकुमार म्हणायचा.

एवढंच. अशानं संसार होतो का?

आणि या सगळ्यात त्याच्या पोटात एक कादंबरी अडकून बसली होती. खरी. पुराची. त्याच्या लहानशा लेखकीय आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्याला सांगायची होती असं त्याला आता पन्नाशी ओलांडल्यावर कळलं होतं. लिहायला बसलं की दुसऱ्या पानावर छाती धडधडायची, पट्टा थरथरायचा, आणि तांबोळींचा फोन यायचा. "साहेब, आत्ता काय लिहीत होता?"

"पत्र."

"कुणाला?"

"मेव्हण्याला."

"मेव्हण्याला नका लिहू," तांबोळी कळवळून सांगायचे.

राजीनामा द्यायचं त्यानं मगदूमपाशी बोलून बघितलं. मगदूम कोल्ड स्टोरेजच्या दारात बेदाणा चघळत उभा होता. "राजीनामा देशील मर्दा, पण कुणाकडं देणार? कुत्रं मालकाला सोडून जातंय, पण साखळी कुणाच्या हातात हाय ते तरी बघ की. निम्मा महाराष्ट्र तुझ्यावर झोपतोय."

घरी आक्का होती. सुकुमारची आई. बीपीच्या गोळ्यांनी तिचे पाय सुजायचे, कुसुमवहिनींनी सुजायचे नाहीत. ती म्हणायची, "तुझी ती आधीची तीन पुस्तकं वाचली की मला धडधडायचं. म्हटलं पोरगं कुठं दुखतंय ते नीट सांगत का नाही. आता कसं छान लिहितोस. काय कळतच नाही, झोप लागते."

मग तो बेदाण्याचा प्रकार झाला.

सुकुमारनं प्रकरण पाठवायचं मगदूमकडं आणि मगदूमनं यंत्रात घालायचं अशी पद्धत होती. एक दिवस सौद्याच्या गडबडीत मगदूमनं प्रकरणाच्या जागी भलताच कागद घातला. 'बेदाणा साठवणूक व सौदे नियमावली.' यंत्रानं हिरवा दिवा लावला. दुपारी दोन वाजता सुकुमारच्या आवाजात लाखो कानांत सुरू झालं की बेदाण्याची पेटी, ती ओली असल्यास, आणि ओली नसली तरी ओल लागण्याचा संभव असल्यास, पेटीवाल्यानं, अथवा त्याच्या वतीनं आलेल्या इसमानं, बाजूला ठेवावी.

मगदूमला संध्याकाळी कळलं. तो घामाघूम होऊन सुकुमारकडं आला. दोघं तांबोळींच्या फोनची वाट बघत बसले. फोन आलाच नाही, अभिप्राय आले. फार गुण आला. आज पेटीवाल्या भावजींचा स्वभाव छान उलगडला. एका ताईंनी लिहिलं होतं, ओल लागलीच तर वहिनींनी घाबरू नये.

मगदूम देवाला नारळ फोडायला गेला. सुकुमार मात्र खुर्चीतच बसून राहिला. यंत्र श्वास मोजतं. गोष्ट मोजत नाही. म्हणजे वाक्य जर दहा सेकंदांनी टेकत असेल, तर त्या वाक्यात तो काहीही घालू शकत होता.

त्यानं नियमावली काढून वाचली. बेदाण्याची नव्हे, औषधाची. त्यात एक कलम सापडलं आणि त्याला उपाशी माणसाला ताट दिसावं तसं झालं. अवचित घटना ही भेसळ. गेलेलं पात्र पुन्हा जिवंत करणं ही अवचित घटना. म्हणजे कुसुमवहिनी एकदा रीतसर, सावकाश, मंजूर होऊन मेल्या तर त्यांना कुणीही परत आणू शकणार नव्हतं. कारखाना बंद. पट्टा निघणार. अट एकच होती. प्रकरण ऐकवल्यावर संध्याकाळी पाचपर्यंत उत्पादकाची नाडी शांत राहिली पाहिजे. ती बिघडली तर माल सदोष धरून अख्खी बॅच परत घेतली जाते.

त्यानं पूर लिहिला. कुसुमवहिनींच्या गल्लीत पाणी आलं, आणि ते घाई न करता, एकेक पायरी मोजत, जणू कुणाच्या घरी पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्यासारखं, जरा थांबून, जरा बघून, वर येत राहिलं. वहिनी गच्चीवर होत्या. बरोबर आजारी सासरे. वहिनी त्यांच्याशी कुरडयांबद्दल बोलत राहिल्या. मग त्यांची गोळी आणायला त्या जिन्यानं खाली उतरल्या, कठड्याला धरून, आणि पाणी घोट्याशी आलं, आणि गुडघ्याशी आलं, आणि कठडा जिथं संपतो तिथं त्यांनी तो सोडला. लिहिताना सुकुमारनं स्वतः मिनिटाला सहा श्वास घेतले. पट्टा एकदाही हलला नाही. हे आपण कसं केलं हे त्याचं त्यालाच कळेना.

यंत्रानं हिरवा दिवा लावला. मगदूमनं न वाचताच पुढं पाठवलं. ती त्याची जुनीच सवय होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला प्रकरण सुरू झालं. सुकुमार बाहेरच्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसला. आतल्या खोलीत आक्का पडली होती. गल्लीत सामसूम. समोरचा किराणावाला गल्ल्यावर डोकं टेकून झोपला होता. वहिनींनी कठडा सोडला त्या सुमाराला आक्काच्या घोरण्याची बारीक शिट्टी सुरू झाली. सुकुमार वाट बघत राहिला. कुठून तरी एखादी हाक येईल, एखादं दार आपटेल. काही नाही. तांबोळींचा निरोप तेवढा आला: आजवरचा सर्वांत उत्तम परिणाम. अभिनंदन. पाचपर्यंत असेच शांत राहा.

चौदाशेच्या वर प्रकरणं जिच्या कुरडया लोकांनी ऐकल्या ती बाई बुडाली होती आणि अख्खा महाराष्ट्र कूस बदलून झोपला होता. सुकुमारला हसू आलं. तेही तो सावकाशच हसला. पाच वाजले की सुटलो.

साडेचार होत आले तेव्हा पद्मजा बाहेर आली. कानातले इयरफोन तिच्या मुठीत होते. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"झोप नाही लागली?" त्यानं विचारलं.

"चष्मा टोपीत ठेवणारा म्हातारा मी एकच बघितलाय," ती म्हणाली.

तो म्हातारा म्हणजे सुकुमारचे वडील, आण्णा. कुसुमवहिनींच्या सासऱ्यांनी पाणी वर यायला लागल्यावर चष्मा काढून टोपीत ठेवला होता. एक अर्धं वाक्य होतं ते. आपण ते लिहिलंय हेही त्याच्या ध्यानात नव्हतं.

"त्या पुरात तुम्ही आण्णांबरोबर गच्चीवर होतात," पद्मजा म्हणाली. "मी आणि आक्का निपाणीला लग्नात अडकलो होतो. परत आलो तर आण्णा नव्हते. तुम्ही एवढंच म्हणालात, आण्णा गेले. मी विचारलं नाही. म्हटलं सांगतील कधी. इतकी वर्षं झाली."

पट्टा थरथरला. लगेच फोन वाजला.

"साहेब, काय करताय?" तांबोळींचा आवाज.

"बायकोशी बोलतोय."

"थांबवा. पाया पडतो. अर्धा तास राहिलाय. तुमची नाडी चढायला लागलीय. अर्ध्या तासानं हवं तेवढं बोला. जन्मभर बोला."

खरंच होतं ते. अर्धा तास गप्प बसायचं. मग पट्टा निघेल, पाटी निघेल, पुराची कादंबरी हवी तशी लिहिता येईल. सुकुमारनं पद्मजाकडं बघितलं. प्रशिक्षणात शिकवलेला तिचा मऊ आवाज कुठं गेला होता कोण जाणे. तिचं नाक लाल झालं होतं. ती म्हणाली, "तुम्ही आता बोलला नाहीत तर पुन्हा बोलणार नाही. मी ओळखते तुम्हाला. लिहून मोकळे व्हाल."

त्यानं फोन उलटा ठेवला.

"आण्णांच्या गोळ्या खाली राहिल्या होत्या," तो म्हणाला. "खालचा मजला पाण्यात. त्यांची छाती धडधडायला लागली की मी बोलायचो. काहीही. तुम्ही दोघी आल्यावर गहू किती भिजत घालणार, चीक कसा शिजवणार, गच्चीवर कुठला पत्रा घालणार. घाईनं बोललो की त्यांचा श्वास चढायचा, म्हणून सावकाश बोलायचो. शब्दाला शब्द लावून. मग त्यांचा श्वास माझ्या बोलण्याबरोबर यायचा."

"म्हणजे कुसुमवहिनी..."

"मला वाटत होतं मी मिनिटं भरतोय."

फोन उलटा पडून थरथरत होता. पट्टा तांबडा झाला होता.

"मग?" पद्मजा म्हणाली.

"दोन दिवस बोललो. दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा गेले. कधी ते मला कळलं नाही. मी बोलतच होतो. पत्र्यावर कुरडया घालून झाल्या होत्या, त्या उलटायच्या राहिल्या होत्या. बोट आली तेव्हा बोटवाल्यानं खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, काका, आता थांबा."

मग त्याची लय मोडली. एक वाक्य तीन सेकंदांत संपलं, पुढचं दोनांत, त्याच्या पुढचं संपलंच नाही. पद्मजानं त्याचा पट्ट्याचा हात दोन्ही हातांत धरला. दोघं किती वेळ बसले ते कुणी मोजलं नाही. फोन बराच वेळ वाजला आणि मग थांबला.

पाच वाजून गेल्यावर सगळ्यांच्या फोनवर सरकारी निरोप आला. आजची बॅच उत्पादकाच्या दोषामुळे परत घेतली आहे. प्रकरण ऐकले असल्यास ते घडले नाही असे समजावे. कुसुमवहिनी सुखरूप असून उद्या नेहमीप्रमाणे गच्चीवर येतील. पाठोपाठ तांबोळींचा वेगळा निरोप सुकुमारला आला. पट्टा आता दोन्ही मनगटांना बांधावा लागेल. त्याखाली, बहुधा नियमात न बसणारी, एक ओळ होती: मी आज झोपलो नव्हतो साहेब.

सुकुमारनं डोळे पुसले, खुर्ची टेबलाशी ओढली आणि उद्याच्या प्रकरणासाठी वहिनींना कोरड्या ठणठणीत गच्चीवर आणून उभं केलं. पद्मजा चहा टाकायला उठली.

आतून आक्काची जांभई ऐकू आली. "झोप कशी लागली काय सांगू," ती म्हणाली. "काय झालं रे आज कुसुमचं?"

"काही नाही आक्का."

"बरं झालं," आक्का म्हणाली. "उद्या पण काही होऊ देऊ नकोस."